सिगारची लांबी आणि जाडी: निवडताना काय पाहावे

सिगारच्या दुकानात पहिल्यांदा गेलेल्या माणसाची नजर आधी जाडीवर जाते. अंगठ्याहून जाड सिगार दिसला की तो भलताच कडक असणार आणि पेन्सिलीसारखा बारीक सिगार नवशिक्यालाही झेपणार, असे तो मनाशी ठरवून मोकळा होतो. हा समज चुकीचा आहे. सिगारचा कडकपणा आत कोणती पाने भरली आहेत यावर ठरतो. लांबी आणि जाडी ठरवतात त्या गोष्टी वेगळ्या आहेत: धूर जिभेला किती गरम लागेल, वरच्या पानाची चव किती कळेल, झुरक्याची ओढ सैल असेल की घट्ट, आणि एकूण किती वेळ बसावे लागेल. विकत घेण्यापूर्वी या चार गोष्टींचा अंदाज करता येतो, आणि त्यासाठी मोजपट्टी आणि कागदाची एक पट्टी एवढे पुरते.

उदाहरणासाठी मी क्युबाचे मॉन्टेक्रिस्टो हे एकच नाव घेतले आहे. हे सिगार १९३५ पासून निघतात आणि त्यांतील मूळचे आकार १ ते ५ अशा क्रमांकांनीच ओळखले जातात. त्यांच्यापैकी काहींची जाडी अगदी एकसारखी असून लांबी तेवढी वेगळी आहे, तर पुढे आलेला एक आकार लांबीने जवळपास तेवढाच असून जाडीने बराच वेगळा आहे. आकाराचा परिणाम तपासायला इतकी सोयीची मांडणी दुसरीकडे सहसा मिळत नाही.

दोन आकडे आणि अनेक नावे

सिगारचा आकार दोन आकड्यांत सांगतात. पहिला आकडा लांबीचा, मिलिमीटरमध्ये किंवा इंचांत. दुसरा जाडीचा, आणि त्याला रिंग गेज म्हणतात. एका इंचाचे ६४ भाग केले तर सिगारचा व्यास त्यांपैकी जितक्या भागांएवढा भरतो, तितके त्याचे रिंग गेज. म्हणजे ६४ गेजचा सिगार बरोबर एक इंच, २५.४ मिलिमीटर जाड असतो आणि ३२ गेजचा अर्धा इंच. नेहमी आढळणाऱ्या सिगारांपैकी ३८ गेजचा सिगार सुमारे १५ मिलिमीटर, ४२ चा सुमारे १६.७, ५० चा १९.८ आणि ६० चा जवळजवळ २४ मिलिमीटर जाड भरतो.

सुट्या विकल्या जाणाऱ्या सिगारवर गेज लिहिलेले नसते. तेव्हा सोनार बांगडीच्या मापासाठी करतो तसे करावे: कागदाची अरुंद पट्टी सिगारच्या मध्यावर अलगद गुंडाळून घेर मोजावा आणि त्या मिलिमीटरांना ०.८ ने गुणावे. घेर ६५ मिलिमीटर भरला तर सिगार ५२ गेजचा, साडेबावन्न भरला तर ४२ चा. पट्टी आवळू नये, कारण वरचे पान कांद्याच्या पापुद्र्याइतके नाजूक असते. क्युबाच्या कारखान्यांत सिगार वळणाऱ्या कारागिराच्या मेजावर याच कामासाठी भोक पाडलेली एक लाकडी मापपट्टी असते. तिला सेपो म्हणतात, आणि जाडीच्या आकड्यालाही तिथे तोच शब्द वापरतात.

नावांचा घोळ मात्र थोडा समजून घ्यावा लागतो. क्युबात प्रत्येक आकाराला दोन नावे असतात, एक कारखान्यातले आणि दुसरे खोक्यावरचे. खोक्यावर मॉन्टेक्रिस्टो नंबर ४ म्हणून विकला जाणारा सिगार कारखान्यात मारेव्हा असतो: लांबी १२९ मिलिमीटर, गेज ४२. नंबर ३ म्हणजे कोरोना, १४२ मिलिमीटर आणि ४२. नंबर १ म्हणजे सेर्व्हान्तेस, १६५ मिलिमीटर आणि पुन्हा ४२. नंबर २ हा पिरामिदेस, १५६ मिलिमीटर आणि ५२, पण तोंडाकडे निमुळता होत गेलेला. याखेरीज जगभर चालणारी काही नावे आहेत. क्युबाचा रोबुस्तो १२४ मिलिमीटर लांब आणि ५० गेजचा, तर विन्स्टन चर्चिल यांच्या नावाने ओळखला जाणारा चर्चिल १७८ मिलिमीटर लांब आणि ४७ गेजचा असतो. क्युबाबाहेर, निकाराग्वा किंवा डोमिनिकन प्रजासत्ताकात, हीच नावे बरीच सैल वापरतात. तयार कपड्यांच्या दुकानात एका कंपनीचा मध्यम शर्ट दुसऱ्या कंपनीच्या मोठ्याएवढा निघतो, तसाच प्रकार. म्हणून नावावर विसंबू नये, आकडे विचारावेत.

आपल्याकडे सगळ्याच जाड सिगारांना सरसकट चिरूट म्हणण्याची पद्धत आहे. तो शब्द तमिळमधून, गुंडाळी या अर्थाच्या सुरुट्टु या शब्दातून आलेला आहे, आणि तिरुचिरापल्लीचे चिरूट इंग्रजांच्या काळात दूरवर प्रसिद्ध होते. खरा चिरूट दोन्ही टोकांना उघडा असतो. सिगारच्या तोंडाकडच्या टोकाला पानाचीच टोपी चिकटवलेली असते आणि ती कापावी लागते. हा फरक पुढे कापण्याच्या वेळी कामाला येतो.

लांबीने काय बदलते

नंबर ४ आणि नंबर १ शेजारी ठेवले तर जाडी तीच, फक्त ३६ मिलिमीटरांचा फरक. दोन्ही पेटवल्यावर पहिल्या चार-पाच झुरक्यांत लांब सिगारचा धूर थंड आणि काहीसा फिका लागतो, कारण निखाऱ्यापासून ओठांपर्यंत त्याला अधिक तंबाखूतून वाट काढत यावे लागते. त्या वाटेत धूर निवतो आणि त्यातला काही ओलावा, तेल आणि डांबरासारखा अंश पुढच्या पानांवर बसतो. आखूड सिगारमध्ये हा रस्ता आधीच कमी असल्यामुळे चव पहिल्यापासून भरून येते.

पुढच्या पानांवर बसलेले हे सगळे कुठे जात नाही. निखारा सरकत सरकत तिथे पोहोचला की तेही जळते. म्हणूनच सिगार शेवटाकडे उग्र होत जातो आणि जितका लांब सिगार, तितका हा चढ मोठा. फ्रेंच बोलणाऱ्यांत सिगारच्या तीन भागांविषयी एक रांगडी म्हण सांगितली जाते: पहिला भाग गवत, दुसरा दिव्य, तिसरा शेण. चांगल्या सिगारच्या बाबतीत तिसऱ्या शब्दात अतिशयोक्ती आहे, पण क्रम बरोबर आहे. लांब सिगार घेणाऱ्याला हे तीन टप्पे सावकाश आणि वेगवेगळे अनुभवता येतात. आखूड सिगारमध्ये गवताचा भाग जवळजवळ नसतोच, आणि माझ्या मते तीच त्याची खरी सोय आहे. ज्याला बदलत जाणाऱ्या चवीत रस नाही त्याने लांबीसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

जाडीने काय बदलते

खरी गंमत जाडीत आहे. तिच्यासाठी नंबर ३ सोबत एडमुंडो हा मॉन्टेक्रिस्टोचाच आकार घ्यावा. एडमुंडो २००४ मध्ये आला. त्याची लांबी १३५ मिलिमीटर आणि गेज ५२. नंबर ३ त्याच्यापेक्षा केवळ ७ मिलिमीटर लांब आहे, पण १० गेजने बारीक. हे १० गेज म्हणजे प्रत्यक्षात जेमतेम ४ मिलिमीटर. हातात धरल्यावर फरक किरकोळ वाटतो, पण आतला हिशेब निराळाच निघतो.

वरचे पान सिगारच्या घेरावर पसरलेले असते आणि भरण त्याच्या छेदात मावलेले असते. घेर व्यासाच्या प्रमाणात वाढतो, छेदाचे क्षेत्रफळ मात्र व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात. त्यामुळे ४२ वरून ५२ गेजवर गेले की घेर सुमारे २४ टक्क्यांनी वाढतो आणि भरणाची जागा ५३ टक्क्यांनी. वरच्या पानाच्या मानाने आतला माल असा पुढे निघून गेला की धुरातला वरच्या पानाचा वाटा कमी होतो. वरचे पान हे सिगारमधले सर्वांत निवडक आणि महाग पान असते. त्याचा सुगंध, त्याचा किंचित गोडवा किंवा मिरीसारखा झणका ज्याला ओळखायचा आहे त्याने बारीक सिगार घ्यावा. मॉन्टेक्रिस्टोचाच एस्पेसियाल हा १९२ मिलिमीटर लांब आणि ३८ गेजचा सिगार या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. कारखान्यात या आकाराला लागितो नंबर १ म्हणतात. बाजूने पाहिला तर तो काठीसारखा दिसतो, पण पेटवायच्या टोकाकडून पाहिले की छेदाच्या मानाने वरच्या पानाची कड किती मोठी आहे ते लगेच लक्षात येते.

आतला माल वाढला की आणखी एक गोष्ट शक्य होते. क्युबाचे कारखाने भरणासाठी मुख्यतः तीन प्रकारची पाने वापरतात. रोपाच्या खालच्या भागातले व्होलादो सहज जळते, मधले सेको सुगंध देते आणि वरच्या, उन्हात तापलेल्या भागातले लिहेरो जाड, तेलकट आणि कडक असून सावकाश जळते. लिहेरो नेहमी मध्यभागी ठेवावे लागते, कडेला आले की तिथे सिगार जळायचा थांबतो. जाड सिगारमध्ये मध्यभागी त्याच्यासाठी जागा असते. बारीक सिगारमध्ये ती नसते, म्हणून तिथे लिहेरो थोडे घालतात किंवा घालतच नाहीत. म्हणजे एकाच नावाच्या दोन आकारांत मिश्रणही नेमके तेच नसते, आणि आपण केवळ जाडीचा परिणाम तपासतो आहोत असे समजण्यात थोडी फसगत आहे. कारखान्याने जाडी पाहून मिश्रण आधीच जुळवलेले असते.

धुराच्या उष्णतेचा भाग सोपा आहे. आपला झुरका साधारण तेवढाच असतो, पण बारीक सिगारमध्ये तीच हवा लहान निखाऱ्यातून जोराने जाते. निखारा फुलतो, तापतो आणि धूर बोचरा होतो. जाड सिगारचा निखारा रुंद असल्यामुळे तेवढ्याच झुरक्याने तो इतका भडकत नाही, धूर थंड आणि भरपूर येतो. नवशिक्याला हाच धूर सौम्य वाटतो. इथे दोन शब्द वेगळे ठेवावेत. तिखटपणा जिभेला आणि घशाला कळतो, तो उष्णतेने येतो आणि झुरके लांबवले की कमी होतो. कडकपणा डोक्याला आणि पोटाला कळतो, तो निकोटिनचा असतो आणि कितीही सावकाश ओढले तरी जात नाही. बारीक सिगार घाईने ओढणारा माणूस त्याला कडक म्हणतो, तेव्हा तक्रार बहुधा तिखटपणाची असते आणि दोष ओढणाऱ्याचा असतो.

वेळ आणि मात्रा

किती वेळ लागेल हे लांबीवरून ठरवतात, ते अर्धेच बरोबर आहे. वेळ लागतो तो एकूण तंबाखूला. मी त्यासाठी एक घरगुती हिशेब वापरतो. लांबीच्या मिलिमीटरांना गेजने दोनदा गुणायचे, उत्तरातले शेवटचे तीन अंक सोडून द्यायचे आणि उरलेल्या आकड्याला ६ ने भागायचे. साधारण तितकी मिनिटे. नंबर ४ साठी १२९ गुणिले ४२ गुणिले ४२, म्हणजे २२७ हजारांच्या वर, ६ ने भागल्यावर ३८ मिनिटे. रोबुस्तोला ५२, एडमुंडोला ६१, चर्चिलला ६५. हा माझ्या संथ गतीचा अंदाज आहे, शास्त्र नव्हे. सवयीप्रमाणे ६ च्या जागी ५ किंवा ७ घ्यावा.

या हिशेबातून डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी बाहेर येतात. १९२ मिलिमीटरांचा एस्पेसियाल १२४ मिलिमीटरांच्या रोबुस्तोपेक्षा कितीतरी मोठा दिसतो, पण त्यात तंबाखू सुमारे दहा टक्क्यांनी कमी असते. उलट अमेरिकेत लोकप्रिय झालेला सहा इंची, ६० गेजचा सिगार चर्चिलपेक्षा एका इंचाने आखूड असूनही त्यात जवळजवळ ४० टक्के जास्त तंबाखू असते. हा धडा मला परदेशातल्या एका विमानतळावरून आणलेल्या तशाच सिगारने शिकवला. आखूड आहे, तासाभरात संपेल असे समजून मित्राच्या गच्चीवर तो पेटवला. दीड तासानंतर दोन्ही जबडे दुखत होते, जेवणाची ताटे वाट पाहत होती आणि हातात अजून चार बोटे सिगार शिल्लक होता. ५४ च्या पुढची जाडी तोंडात धरायलाच अवघड जाते. त्या जाडीने चवीत जी भर पडते ती मला तरी कधी सापडलेली नाही.

तंबाखू वाढली की निकोटिनची मात्राही वाढते, आणि इथे आकाराचा प्रश्न चवीपुरता राहत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या माहितीप्रमाणे मोठ्या सिगारमध्ये साधारण ५ ते २० ग्रॅम तंबाखू असते. सिगारेटमध्ये ती एक ग्रॅमहूनही कमी असते. धूर छातीत ओढला नाही म्हणजे काही होत नाही, हाही भ्रम आहे. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे त्यातले निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जाते. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुसे यांच्या कर्करोगाशी सिगारचा संबंध सिद्ध झालेला आहे. बारीक किंवा आखूड सिगार निवडल्याने हा धोका नाहीसा होत नाही. जो ओढत नाही त्याने केवळ कुतूहलापोटी सुरुवात करू नये, आणि जो ओढणारच आहे त्याने निदान रिकाम्या पोटी मोठा सिगार घेऊ नये. घाम फुटणे, मळमळणे, हातपाय गार पडणे ही निकोटिन चढल्याची लक्षणे आहेत. ती दिसताच सिगार खाली ठेवावा, कितीही महाग असला तरी.

वेळेचा विचार करताना शेजाऱ्यांचाही करावा. भारतात सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे. सोसायटीतल्या आपल्या गॅलरीत बसले तरी चर्चिलचा तासाभराचा धूर वरच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांत आणि त्या घरातल्या मुलांच्या नाकात जाणारच. मोकळी जागा आणि सलग वेळ हाताशी नसेल तर मोठा आकार घेण्यात अर्थ नाही. अर्धा विझवून दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटवलेला सिगार कोळशासारखा लागतो.

जाडी पाहून कापणे, पेटवणे आणि ओढणे

टोपी कापताना जाडी विचारात घेतली नाही तर पुढची सगळी निवड वाया जाते. सरळ पात्याचे कटर कोणत्याही जाडीला चालते. टोपीच्या खांद्याच्या वर, दोन मिलिमीटरांहून जास्त न कापता, एका झटक्यात काप घ्यावा. त्याखाली गेले की वरचे पान सुटू लागते. गोल भोक पाडणारे पंच ५० गेजच्या सिगारला छान चालते, पण ३८ किंवा ४२ गेजच्या टोपीवर त्याला पुरेशी जागाच नसते आणि टोपी फाटते. निमुळत्या टोकाच्या नंबर २ सारख्या सिगारमध्ये मात्र काप कुठे घ्यायचा हे आपल्या हातात असते. टोकाजवळ घेतला तर ओढ घट्ट राहते आणि धूर जिभेवर एका ठिकाणी एकवटून येतो, थोडा खाली घेतला तर ओढ सैल होते. आधी कमीच कापावे, ओढून पाहावे आणि गरज वाटली तर आणखी कापावे.

पेटवताना बारीक सिगारला एक लांब काडी पुरते. जाड सिगारचे टोक ज्योतीच्या थोडे वर धरून सावकाश फिरवावे लागते, कारण मध्यभागचे लिहेरो उशिरा पेट घेते. कड लाल झाली म्हणून सिगार पेटला असे समजू नये. टोकावर हळूच फुंकर घालावी. मधोमध काळा ठिपका राहिला असेल तर तिथे पुन्हा ज्योत दाखवावी. ते केले नाही तर निखारा कडेने पुढे पळतो आणि मधला भाग मागे राहतो.

गतीचा साधारण नियम मिनिटाला एक झुरका असा सांगतात. ५० गेजच्या आसपास तो ठीक आहे. ४२ आणि त्याखाली मी दीड मिनिट थांबतो आणि झुरकाही लहान, चहाचा पहिला घोट घ्यावा तसा घेतो. बारीक सिगार बोटांना गरम लागू लागला की तो आपल्याला थांबायला सांगतो आहे असे समजावे. जाड सिगारमध्ये उलटी चूक होते: गप्पांत रंगून दोन-तीन मिनिटे विसरले की रुंद निखारा मध्यातून विझू लागतो.

ओढ घट्ट का होते

बारीक सिगारविषयी सर्वांत मोठी तक्रार ओढीची असते. एस्पेसियाल आणि रोबुस्तो अगदी सारखेच घट्ट वळले तर लांब रस्ता आणि लहान छेद यांमुळे एस्पेसियालला ओढण्यासाठी अडीच पटींहून अधिक जोर लागेल. म्हणून कारागिराला बारीक सिगार मुद्दाम बेताने भरावा लागतो. एखादे पान पीळ खाऊन बसले तर जाड सिगारमध्ये धूर बाजूने वाट काढतो, पण बारीक सिगारमध्ये ती वाटच बंद होते. बारीक सिगार वळणे हे अनुभवी हातांचे काम मानतात ते यामुळे.

घेण्यापूर्वी दुकानदाराची परवानगी घेऊन सिगार अंगठा आणि दोन बोटांत धरावा आणि टोकापासून टोकापर्यंत अगदी हलके दाबत जावे. सोलापूर किंवा सिन्नरकडच्या विडी वळणाऱ्या बायकांचे बोट विडी सैल झाली की घट्ट ते न पाहता ओळखते. तेवढी जाण आपल्याला येणार नाही, पण दगडासारखी गाठ किंवा पोकळ खळगा नक्की कळतो. बारीक सिगारमध्ये गाठ लागली तर तो परत ठेवावा. जाड सिगारमध्ये एखादी गाठ चालून जाते, पोकळ खळगा मात्र चालत नाही, कारण तिथे निखारा आत बोगदा करतो.

आपल्या हवेत

सिगार साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत आणि १८ ते २१ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावा असे सांगतात. मुंबई, कोकण आणि गोव्यात पावसाळ्यात हवाच त्याहून किती तरी दमट असते, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात ती कोरडी ठाक पडते. या दोन्हींचा परिणाम जाडीप्रमाणे वेगळा होतो. बारीक सिगार ओलावा लवकर घेतो आणि लवकर सोडतो. पावसाळ्यात डबा दोन-चार वेळा उघडला गेला की भरण फुगते आणि आधीच घट्ट असलेली ओढ पार बंद होते. जाड सिगार बाहेरून ठीक वाटतो, पण त्याच्या आत ओलावा पोहोचायला आणि बाहेर पडायला काही आठवडे लागतात. नागपूरच्या मे महिन्यात वाळलेल्या जाड सिगारला घाईने ओलावा दिला तर भरण आतून फुगते आणि वरचे पान टरकन फाटते. त्याला हवाबंद डब्यात ६२ ते ६५ टक्क्यांच्या आर्द्रता-पुडीसोबत महिनाभर तरी पडू द्यावे.

तापमान २५ अंशांच्या वर राहिले तर तंबाखूतल्या किड्यांची अंडी उबण्याची भीती असते. एका सिगारला टाचणीएवढे भोक दिसले तर डब्यातले सगळे सिगार, जाड-बारीक न पाहता, पिशवीत बंद करून आधी एक दिवस फ्रिजमध्ये, मग तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये आणि पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये ठेवावेत. जाड सिगार बाहेर काढण्याची घाई करू नये. त्याचा गाभा शेवटी गोठतो आणि शेवटीच निवळतो, आणि तेवढ्यात तो बाहेरच्या दमट हवेत आला की पानावर पाणी धरते.